अहेरीला नेलेलं लोकरीचं अस्वल

चंद्रपुरात लोकर विकायला बसणारा माणूस वेडा असला पाहिजे, असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात. माझं बटन-दोऱ्याचं दुकान आहे आणि एका फळीवर लोकरही असते. आमच्याकडची थंडी पाहुण्यासारखी येते, चहा पिऊन जाते, त्यामुळे लोकर उरतेच. त्या उरलेल्या लोकरीतून माझी बायको शमीम छोटी छोटी जनावरं विणते: ससे, हरणं, मोर, वाघ. तिच्या वाघापुढे गिऱ्हाईक थबकतं, बटनं घ्यायला आलंय हे विसरतं. हे मी अभिमानानं सांगतोय आणि शेवटपर्यंत सांगणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी इथूनच परत फिरावं.

गाडी अडली ती अस्वलापाशी. काळी लोकर, छातीवर पांढरी खूण, लांबट तोंड, सगळं पुस्तकातल्या चित्रावरून नीट केलेलं. तरी दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "कुत्रा मस्त जमला, भाभी!" शेजारच्या पानवाल्यानं तर त्याचं मोती असं बारसंही करून टाकलं. दुकानात शमीम हसली, पण घरी आल्यावर तिनं ते अस्वल टेबलावर आपटलं.

"बहिणीकडे जाऊ अहेरीला, नसरीनकडे," ती म्हणाली. "जंगलातल्या माणसानं न सांगता याले अस्वल म्हटलं तर ठेवते. नाई तर उसवून तुमच्यासाठी कानटोपी विणते. मग जनावरं बंद."

कानटोपीचं मला काही वाटलं नाही, पण जनावरं बंद म्हटल्यावर मी लगेच अहेरीला तयार झालो. ती एकदा बंद म्हणाली की बंद.

दिवाळी उलटली आणि आम्ही सकाळची एसटी धरली. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता आहे. ज्यांना जायचंय त्यांनी सकाळचीच गाडी धरा आणि खिडकी सोडू नका. गोंडपिपरीला गाडी थांबली की आलूबोंडा खा, रस्सा मागून घ्या, पण सांभाळून, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. दोन्ही बाजूंना कापलेलं धान पडलेलं होतं आणि त्याचा ओलसर वास थेट गाडीत शिरत होता. "तिकडे भीती नाही वाटत?" असं मला नेहमी विचारतात. वाटते. म्हणून ओळखीच्या माणसाकडे उतरावं आणि अंधाराच्या आत घरी यावं.

आमचा ओळखीचा माणूस म्हणजे नसरीनचा नवरा, माझा साडू रफीक. अहेरीत त्याचं सुतारकाम आहे. नसरीननं चिंच घालून केलेलं प्राणहितेच्या माशांचं कालवण आणि भात इतका झाला, की त्या दिवशी आम्ही कुठेही हललो नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर रफीक आम्हाला जंगलात घेऊन गेला. पावसाळ्यानंतरचं हे जंगल मी असं पायी कधी पाहिलं नव्हतं. गवत पिवळं पडत चाललेलं, कोळ्यांच्या जाळ्यांवर अजून दव होतं. सागाची खाली पडलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. किड्यांनी खाऊन काही पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, अगदी नाजूक जाळी. शमीमनं एक पान उचलून उजेडात धरलं आणि म्हणाली, "एवढा बारीक टाका मले जमत नाई." मी म्हटलं, किड्याला दुकान नाही सांभाळावं लागत. तिनं पान जपून पिशवीत ठेवलं.

पुढे एक नाला लागला. त्याच्या ओल्या वाळूत मला पाऊल दिसलं.

"इथं अनवाणी कोण फिरून राह्यलं?" मी विचारलं.

"माणूस नाई तो, भाईजान," रफीक म्हणाला. "समोरची नखं बघा. अस्वल गेलं इथून."

मी लगेच मागे वळून पाहिलं, हे कबूल करतो. शमीम मात्र खाली बसली. त्या पावलाशेजारी आपला पंजा ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"याले टाच आहे," ती म्हणाली. "पूर्ण तळवा टेकवते हे. मी याले कुत्र्यासारखं चवड्यावर उभं केलं! लोकांचं काय चुकलं मग?"

घरी येताच तिनं अस्वलाचे चारही पाय उसवले. टाच वळवणं तिला नवीन नव्हतं, मोजे ती लग्नाआधीपासून विणते. मागच्या पायांना तिनं मोज्यासारख्या टाचा दिल्या, पुढच्या पंजांना फिकट लोकरीची लांब नखं. उभं केल्यावर अस्वलाची चालच बदलली. पण माझं मत मोजायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी नसरीननं आम्हाला मासे आणायला जवळच्या गावात पाठवलं. तिथे तळ्यावर मासे धरणारं एक कुटुंब आहे, घरातली सिंधुबाई तिला नेहमी मासे देते. बाई अंगणात मासे साफ करत होती. शमीमनं पिशवीतून डबा काढायला म्हणून आधी अस्वल बाहेर काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

सिंधुबाईनं मान वर केली. हातातलं टोपलं पडलं. "अगं माय, अस्वल!" म्हणत ती भिंतीला जाऊन टेकली.

शमीम पांढरी पडली. "लोकरीचं आहे बाई, खेळणं आहे. माफ करा मले."

सिंधुबाईनं पदर मागे घेतला. कानामागून मानेपर्यंत जुना व्रण होता. "मोहफुलं येचाले गेलती मी," ती म्हणाली. "झाडामागूनच आलं. लोकं धावून आले म्हणून वाचली."

एक बाई घाबरली आणि माझी छाती फुगली, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण फुगली. शमीमनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती खाली सांडलेले मासे गोळा करत होती.

थोड्या वेळानं सिंधुबाईनंच अस्वल हातात घेतलं, उलटं केलं, तळव्यावरून बोट फिरवलं. "पायबी तसाच केला व माय! कुठी पाह्यलं तू याले?"

"याले नाई पाह्यलं. पाऊल पाह्यलं फक्त."

"मले देतं का?"

शमीमनं मान डोलावली. बाईनं जाळ्याच्या दोरीचा तुकडा घेतला, अस्वलाच्या गळ्यात बांधला आणि दुसरं टोक दाराच्या खांबाला. मग कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, "लय पळवलं मले. आता बस इथी अन् घर राख." आणि इतकी हसली, की आम्हीही हसायला लागलो. डबा तिनं काठोकाठ भरून दिला.

परत येऊन आता महिना झाला. सागाचं ते जाळीचं पान दुकानात काचेखाली लावलंय. कानटोपी काही विणली गेली नाही. फळीवर नवं अस्वल आहे, टाचांसकट. मला वाटतं या दोन जिल्ह्यांत असं अस्वल दुसरं कोणी विणत नसेल, ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघावं.

काल पानवाला डोकावला. "भाभी, हा मोतीचा भाऊ काय? मोती कुठी गेला?"

पूर्वी शमीम चिडली असती. काल तिनं सुयांवरची नजरही काढली नाही.

"अहेरीकडे आहे," ती म्हणाली. "दारात बांधला. घर राखते."