सिस्टरचं काटेरी परस

"लोकं माळावर डाळिंबं पिकवत्यात, आन् ही बाई हौसंनं काटं लावतीया!"

किराणा दुकानाबाहेरच्या बाकावरून आमच्या आळीतले अण्णा हे मुद्दाम मोठ्यानं बोलले, कारण सिस्टर समोरूनच चालल्या होत्या, पिशवीत बोराचं रोप घेऊन. त्या थांबल्या. "अण्णा, डाळिंब तुमी खावा. पाखरांना बोरंच ग्वाड लागत्यात," म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी दुकानात साबण घेत होते. हसू दाबावं लागलं.

सिस्टर आमच्या शेजारी राहायच्या. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून मोरगावात परतल्या, तरी गावाला त्या सिस्टरच. मी बारामतीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. चारचौघांत मराठी बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवायचे, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. घरून ऑफिसचं काम करता करता खिडकीतून त्यांचं परस बघायचे. एकदा त्यांनीच भिंतीपलीकडून हाक मारली. "चोरून काय बघतीस? हितं ये, नीट दिसंल."

परस म्हणजे नुसता मुरूम. त्यात त्यांनी निवडुंग, कोरफड, तरवड आणि बोर लावली. आमच्या तालुक्यात रोप लावलं की पाठोपाठ ठिबकची नळी येतेच. सिस्टरनीही ती हौसेनं अंथरली. पावसाळा सरेपर्यंत निवडुंग बुडातून कुजला आणि कोरफड लिबलिबीत झाली. अण्णांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय सिस्टर, पेशंट दगावलं का?"

"दगावलं. सलाईन जास्त झालं," सिस्टर म्हणाल्या, आणि त्याच दुपारी नळी गुंडाळून त्यांनाच देऊन टाकली. पुन्हा माळावर जाऊन निवडुंगाची पानं आणली, सावलीत सुकवली, मुरमात खोचली. हार मानणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

पाण्यासाठी त्यांनी एक पसरट परात जमिनीत पुरली आणि काठाला दगड लावले. ती रोज घासायच्या. "घाण पाणी पिऊन पाखरंबी आजारी पडत्यात गं." वैशाख पौर्णिमेला त्यांच्याकडे साऱ्या आळीला खीर असायची, पण परात घासून भरल्याशिवाय त्या खिरीच्या पातेल्याकडे वळत नसत.

पाखरांत आधी होले आले, मग सातभाईंची भांडकुदळ टोळी. कोरफडीला फुलांचे दांडे फुटले तेव्हा इवलासा शिंजीर पक्षी येऊन एका दांड्याला उलटा लटकला, आणि सिस्टरनी माझं मनगट असं घट्ट धरलं की जणू नाडीच बघतायत. "हलू नगंस," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. मुंगूस तर रोज दुपारी घरच्यासारखं भिंतीवरून चालत जायचं.

मग धामण निघाली. आळी काठ्या घेऊन जमली. सिस्टर फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. "धामण हाय. उंदरं खाती. तुमच्या ज्वारीची राखण फुकटात करती, आन् तुमी तिला मारता व्हय?" लोक पुटपुटत परतले. अण्णा मात्र जाताना म्हणाले, "तुमी हाय तवर ठीक हाय."

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर ओसरीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून त्या आता परतणार नाहीत हे हळूहळू सगळ्यांना कळलं. गाडीत बसताना त्यांनी फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली. रोज जाऊन परात घासायची, भरायची, हे मी सुरू ठेवलं.

परवा रस्त्याकडेची झुडपं काढायला ग्रामपंचायतीचा जेसीबी आला. मी परात भरत होते. फाटकाबाहेर अण्णांचा आवाज आला, "आलाच हायस तर हे परसबी साफ करून टाक. सापाचं घर झालंय नुसतं."

मशिनीचं तोंड फाटकाकडे वळलं. सातभाई ओरडत बोरीतून उडाले. मी बादली ठेवली आणि फाटकात जाऊन उभी राहिले.

ड्रायव्हरनं मशीन थांबवलं. "अण्णा, मालकाला इचारलंय का?"

"मालकीण पुण्याला. हितं इचारायचं कुणाला?"

या वेळी मी मनात वाक्य जुळवत बसले नाही.

"मला विचारा," मी म्हणाले, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आणि मी नाही म्हणतेय."