दुसरी सही

हँगरमध्ये एक स्क्रू जास्तीचा सापडला तर दिवसभर चौकशी चालते. किस्से मात्र कितीही साठले तरी कुणी विचारत नाही! आखातातल्या मुहर्रक विमानतळावरच्या आमच्या हँगरमधले माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या ओकेलोचे आहेत.

ओकेलो आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्याकाठचा. एरोस्पेस इंजिनिअर, माझा सीनिअर. मला नावाऐवजी ‘पुणे’ म्हणायचा. लहानपणी तळ्यावरून रोज एक विमान जायचं आणि हा होडीत उभा राहून हात करायचा. "मला वाटायचं, आमच्याकडे त्याला दुरुस्त करणारं कुणी नाही म्हणून ते उतरत नाही. मग इंजिनिअर झालो."

आमच्या व्हॅनचे ड्रायव्हर सावंतकाका मालवणचे. ते म्हणाले, "आमीव ल्हानपणी हात करू! विमान उशिरा इला की म्हणू, आज डायवर नवो आसा."

*

आमच्या कामात नियम पक्का: आपलं काम आपण पास करायचं नाही. दुसऱ्यानं तपासायचं, दुसरी सही त्याची.

एकदा करक चहा पिताना ओकेलो मोबाइलवर त्याच्या देशातल्या निवडणुकीच्या बातम्या बघत होता. एकदम म्हणाला, "पुणे, आमच्याकडे मतं मोजणारे तेच आणि तपासणारेही तेच! असं विमान तू सोडशील?"

"कधीच नाही!"

"त्यात सगळा देश बसलाय."

त्या आठवड्यापासून तो जवळच्या अराद वस्तीतल्या आपल्या फ्लॅटमधून तिकडच्या लोकांसाठी व्हिडिओवर भाषणं करू लागला.

*

भाषणालाही दुसरी सही हवीच! ती सावंतकाकांची. ओकेलो हँगरच्या हिंदीत वाचून दाखवायचा. काकांना जांभई आली की ते पान रद्द. एकदा अकरा पानांचं भाषण दीड पानावर आलं.

"काका, अब ठीक?"

"ठीक. पर ये आधा पान किसके लिए रखा?"

"वो मेरी माँ के लिए."

*

मग ही भाषणं तिकडे पसरवणाऱ्या त्याच्या दोन सोबत्यांना सरकारनं पकडलं. हा गेला तर विमानतळावरच धरतील, हे सगळ्यांना माहीत होतं. मी तावातावानं म्हणालो, "इथं बसून देश बदलतो का? जायलाच हवं!"

सावंतकाका गाडी चालवता चालवता म्हणाले, "तुझा काय जाता बोलाक!"

ओकेलो नुसता हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं राजीनामा दिला.

*

शेवटच्या दिवशी, ज्या विमानानं जायचं तेच त्यानं दुरुस्त केलं. हँगरचं दार उघडं होतं. समुद्रावरचा केशरी उजेड पंखांवर पसरला होता. सगळे जण पाण्याखाली चालल्यासारखे हळू चालत होते.

टूलबोर्डवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली असते. एक आकृती रिकामी दिसली. दहा नंबरचा पाना! तो सापडेपर्यंत विमान हलत नाही.

सगळ्यांचा संशय सावंतकाकांवर; ओकेलोच्या जाण्याला उघड विरोध त्यांचाच होता. "काका, यल्ला, द्या बघू!"

"देवाशपथ, माझ्याकडे नाय!" त्यांनी डबासुद्धा उघडून दाखवला. आत घावणे होते, ओकेलोसाठी बांधून आणलेले.

ओकेलो एकटाच शोधत नव्हता. सगळी हत्यारं परत आल्याची यादी घेऊन तो सरळ माझ्याकडे आला. त्याची सही झालेली होती. त्यानं पेन माझ्यापुढे धरलं.

"पुणे, दुसरी सही तुझी."

पाना माझ्या खिशात होता.