धिंगरीची जात आणि आबांची माळ

नव्वदच्या दशकात कन्हेरीला गोठ्याशेजारच्या खोलीत भुसकटाच्या पिशव्या टांगून मी धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, काढायचो. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं आणि नोकरी नव्हती; एवढी पात्रता पुरली.

पहिली भाजी आबांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, दोनदा मागून घेतली. पंगतीला शेजारचे तात्या होते. ते बोटं चाटत म्हणाले, "आबा, निस्तं मटाण लागतंय."

आबांचा घास हातातच राहिला. तरुणपणी मेंढरं राखलेला माणूस, मटणाचा शौकीन. पण तुळशीची माळ घातल्यापासून अंड्याच्या टरफलालाही शिवला नव्हता. त्यांनी हात धुतला, माळ काढून खुंटीला अडकवली आणि मला विचारलं, "पाला हाय का जनावर?"

'पाला' म्हणालो असतो तर मिटलं असतं. पण मी शिकलेला.

"दोन्ही न्हाय, आबा. अळिंबीचं राज्यच येगळं. त्यात ही धिंगरीची प्रजात, प्लुरोटस. म्हंजे कडंला कान असलेली."

"कान हाय?" आबा खचलेच.

"कानासारखा आकार."

"मंग ऐकत असंल आपलं," तात्या म्हणाले.

आबांनी शेवटी मेंढपाळाचं शास्त्र काढलं. "लेंड्या टाकतं का?"

"लेंड्या न्हाय, पर छत्रीखाली भुकटी पडती. बीच ते. तिच्या रंगावरनं बी शास्त्रज्ञ अळिंबीची जात वळखत्यात."

आबांना हुरूप आला. "म्हंजे तुजं सायेब लोक बी खाली काय पडलंय त्येच बघत्यात. ह्याची कंच्या रंगाची?"

"पांढरी."

"पांढरी टाकणारं मेंढरू मी जलमात बघितलं न्हाय." त्यांनी खुंटीकडं हात नेला.

चुलीपुढून आई म्हणाली, "कोंबडीची पांढरीच असती."

हात तिथंच थांबला. तात्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवेनात.

आबा म्हणाले, "कोंबडी अंडी घालती. ह्यानं घातल्यात का?"

पिशव्यांच्या भोकांतून रोज सकाळी साबुदाण्याएवढे पांढरे गोळे फुटायचे. त्यांचं नाव, वाढ, आकृती, सगळं मला पाठ होतं.

"न्हाय," मी म्हणालो.

आबांनी माळ गळ्यात घातली, ताट पुढं ओढलं आणि आईला सांगितलं, "रस्सा वाढ वाईच. कान बी येऊ दे त्यात."