गळ्याशप्पथ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हा त्यालाही नाही — त्याला माहीत असेलच, असं म्हणते आणि उठते. तुम्हाला सांगतेय, कारण गेल्या शुक्रवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती अजून उतरलेली नाही.

इथं आखातात, बौशरला एका मैत्रिणीकडे आम्ही मराठी बायका जमलो होतो. जेवणं झाली आणि विषय निघाला त्या जपानी मालिकेचा. सध्या आमच्यातल्या सगळ्याजणी ती बघताहेत. समुद्राकाठच्या गावातली अठरा वर्षांची मुलगी, तिला बरा न होणारा आजार. डॉक्टर तिला समोर बसवून स्वच्छ सांगतात. ती थँक्यू म्हणते, उठते, आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग शिकायला नाव घालते. मग सगळं गाव तिला गाडी शिकवतं. मागे हळू पियानो. एकजण डोळे टिपत म्हणाली, "काय सुंदर दाखवलंय गं मरण!"

सुंदर? मरण — सुंदर? अहो, तुम्ही कधी सतरा वर्षांच्या पोरीच्या हातातून पेन गळून पडताना बघितलंय का? पुन्हा पुन्हा? आणि ती "सॉरी मावशी" म्हणत वाकून ते उचलतेय — हे बघितलंय?

मी ताडकन उठले. म्हटलं, त्या मुलीला सांगितलं, म्हणून तिला ते सगळं जमलं! आपल्यात सांगतात का? आपल्यात मरणाऱ्या पोरीला शेवटपर्यंत गणितं सोडवायला लावतात! मी कुणाबद्दल बोलतेय ते सगळ्यांना कळलं होतं. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसरी हळूच म्हणाली, खरंच गं, त्या वृषालीनं असं करायला नको होतं. मी पाणी प्यायले आणि बसले. वृषालीचा बचाव कुणी केला नाही. मीही नाही. मी तर नाहीच नाही.

आता वृषाली कोण, ते सांगते. वादी अदाईला आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहते. नवरा ड्राफ्ट्समन. मोठा मुलगा ओंकार तेव्हा पुण्याला इंजिनियरिंग करत होता, आणि धाकटी सानिका इथं बारावीत. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, सानिका माझ्याकडे पाचवीपासून. हुशार होती, पण आळशी! उत्तर बरोबर आणायची आणि पायऱ्या लिहायला कंटाळायची. मी ओरडायची, ती हसायची. मराठी मोडकं, अर्ध्यात इंग्लिश — पण भांडायला मराठीच लागायचं तिला.

मग डोकं दुखायला लागलं. एकाचे दोन दिसायला लागले. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी आईबापांना बसवून सांगितलं — मेंदूत गाठ आहे, काढता येण्यासारखी नाही. डॉक्टर म्हणत होते, मुलगी मोठी आहे, तिला सांगा. वडील म्हणाले, आमच्यात सांगत नाहीत. खलास. सानिकाला सांगितलं, डोक्यातली नस सुजलीय. ओंकारला तर तेवढंही धड नाही — त्याची परीक्षा ना! आणि वृषालीनं खाली येऊन मला सगळं खरं सांगितलं, माझे दोन्ही हात धरले, म्हणाली, तुझी शिकवणी चालू ठेव, नाहीतर तिला संशय येईल.

मी चालू ठेवली. फरक एवढाच की आता मी वर जायची. आणि नाटक बेमालूम वठावं म्हणून — हेही सांगून टाकते — मी तिला पूर्वीसारखी ओरडायचीसुद्धा. अक्षर बघ काय काढलंयस! असं म्हणायची. तिचा हात चालत नव्हता, आणि मी अक्षरावरून बोलत होते.

पण हे नाही. मी शेवटपर्यंत वर शिकवायला जायची, एवढं पुष्कळांना माहीत आहे, याच्यावर माणसं मला कळवळ्याची म्हणतात. मला सांगायचंय ते पुढेच आहे.

एका दुपारी मी वर गेले, तर ती सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली. हीच मालिका. इथल्या बायकांना आत्ता सापडली, पोरीला तेव्हाच सापडली होती. डॉक्टर त्या मुलीला सांगतात तो प्रसंग चालू होता. सानिकानं तो थांबवला. वृषाली औषधं आणायला खाली गेली होती, घरात आम्ही दोघीच. ती म्हणाली, "मावशी, दादा विचारतोय, येऊ का. फ्रायडेचं तिकीट बघून ठेवलंय त्यानं. आई नको म्हणते. पण आईचं काय, ती इंजेक्शनला पण मुंगी चावेल म्हणते. यू टेल मी. माझं हे असलं काही आहे का?" आणि तिनं पडद्याकडे बोट केलं.

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "गळ्याशप्पथ?"

मीच शिकवलं होतं हो तिला ते, लहानपणी. गृहपाठ केलाय म्हणायची, तेव्हा मी म्हणायची, धर गळा. चिमटीत गळ्याची कातडी धरायची आणि खोटं असेल तर हसू फुटायचं तिला. मला हसू फुटलं नाही. मी गळा धरला. म्हटलं, "गळ्याशप्पथ. काही नाहीये. त्याची परीक्षा आहे, कशाला बोलावतेस उगाच?"

तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आईबाप गोड बोलतात हे तिला ठाऊक होतं. मी कधी गोड बोललेच नव्हते. माझ्यासमोर तिनं डाव्या हातानं, एकेक अक्षर शोधत, ओंकारला लिहिलं — आय आस्क्ड. इट्स नथिंग. डोन्ट कम. आणि मला दाखवलं. स्पेलिंग बघ, म्हणाली.

का बोलले मी तसं? वृषालीला शब्द दिला होता म्हणून? नाही. ते मी स्वतःला पुष्कळ दिवस पटवलं. खरं एवढंच, की ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिथून सुटायचं होतं. खाली दहावीची बॅच येऊन बसली असेल, मला जायचंय — बस्स, हेच डोक्यात होतं. मी एका मुलीकडून तिचा भाऊ काढून घेतला, तो त्या खोलीतून लवकर निघता यावं म्हणून.

पुढच्याच महिन्यात ती बेशुद्ध झाली. तेव्हा ओंकारला बोलावलं. तो पोचला, तिच्या उशाशी बसून राहिला, तिला हाका मारत राहिला. तिनं डोळे उघडले नाहीत.

सगळं आटोपल्यावर त्यानं माझ्यादेखत हॉलमध्ये आईबापांना उभं केलं. उभंच केलं म्हणायचं. मला का नाही सांगितलं? ओरडून ओरडून घसा बसला पोराचा. मग फोन काढला आणि तो मेसेज वाचला. आय आस्क्ड म्हणजे कुणाला विचारलं तिनं? आईलाच ना? बाप खाली मान घालून उभा. ओंकार माझ्याकडे वळला. "मावशी, आईलाच विचारलं असणार ना?"

मी म्हणाले, "असेल." आणि तेवढ्यावर थांबले नाही. म्हणाले, "मला तरी कुठे काय सांगितलं होतं यांनी!"

वृषाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शपथेचं तिला माहीत नव्हतं, पण मला तिनं स्वतः, हात धरून सगळं सांगितलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलली असती तर मी तिथल्या तिथे उघडी पडले असते. ती बोलली नाही. का नाही बोलली? तिच्यात त्राण नव्हतं? की पोराला निदान एक माणूस राहू दे, असं वाटलं तिला? मी कधी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारू? मी मूग गिळले, आणि त्या दिवसापासून नामानिराळी राहिले ती आजपर्यंत. उलट चारचौघींत वृषालीवर तोंडसुख घेते. शुक्रवारी घेतलं तसं. माझा तो सगळा संताप — खोटा नाही हो तो, खरा आहे. फक्त पत्ता चुकीचा आहे.

ओंकार आईबापांशी बोलत नाही. बंगळूरला नोकरी करतो, इकडे येत नाही, त्यांचे फोन उचलत नाही. माझे उचलतो. त्याची ख्यालीखुशाली वृषालीला माझ्याकडून कळते. काहीतरी निमित्त काढून खाली येते, दारातच उभी राहते, आणि विचारते.

परवा त्याचा फोन आला. लग्न ठरलंय. पुण्यालाच आहे, छोटंसं, रजिस्टर. आईबाबांना कळवणार नाही म्हणाला. म्हणाला, "मावशी, आमच्या घरात तू एकटीच सानूशी खरं वागलीस. आईच्या जागी तू उभी राहा."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. पुण्याची तिकिटंही काढली.

आज सकाळी वृषाली आली होती, अळूवड्यांचा डबा घेऊन. दारातच उभी राहून विचारलं, "काही बोलला का गं तो?"

मी म्हटलं, बरा आहे, कामात असतो. तिनं मान हलवली, कालचा रिकामा डबा मागून घेतला आणि वर गेली.