दोन मंत्रांची बेरीज
रविवारी बोईसरच्या कॉलनीत आम्ही चौघं फाशांचा खेळ मांडतो. प्रत्येकाचं एक पात्र, त्याच्या अंगी काही शक्ती. माझ्या योद्ध्यावर रक्षणाचे दोन मंत्र होते; मी दोन्हींचे आकडे एकत्र मिळवले. खेळ चालवणारी केळव्याची मैत्रीण म्हणाली, "एकाच कामाच्या मंत्रांची बेरीज होत नाय. मोठा तेवढाच धरायचा."

मी नियमांचं पुस्तक आपटलं. दोन म्हणजे दोन!

"वाळत घातलेले बोंबील राखायला दोघी बसल्या, म्हणून कावळे दुप्पट घाबरत नाय," ती म्हणाली. "एकीनं उठावं, दुसरं काम बघावं."

तणतणत घरी आलो. बारावीतली लेक अभ्यास करत होती. तिच्या एका बाजूला बायको राखणीला बसलेली, दुसऱ्या बाजूला माझी रिकामी खुर्ची.

मी खुर्ची उचलून आत ठेवली आणि लेकीसाठी चहा टाकला.