मामींना पुढचे सूर ठाऊक होते

मी लोहाऱ्यात हायस्कूलला गणित शिकवतो. या ग्रुपवर बाकीच्यांचे गूढ अनुभव वाचताना आजवर मनातल्या मनात चुकाच काढत आलोय — वारा असेल, मांजर असेल, पित्त झालं असेल. आज स्वतःचा अनुभव लिहायला बसलोय, तर तुम्हीही माझ्या चुका काढा. खरंच काढा... मला हव्या आहेत.

आधी माझ्या खुळाबद्दल सांगतो. मला युरोपातलं जुनं ऑर्केस्ट्राचं संगीत ऐकायचा नाद आहे. बी.एड.ला असताना रूममेटनं लावला. तो यथावकाश संसाराला लागला, मी अडकलो. आमच्या गल्लीत याचं कौतुक शून्य. शेजारचे काका एकदा दारात येऊन काळजीनं विचारून गेले, "सर, मिक्सर बिघडलाय का?" तेव्हापासून मी हेडफोन लावूनच ऐकतो.

त्यातली एक रचना माझी विशेष लाडकी, दोनशेहून जास्त वर्षं जुनी. सृष्टी निर्माण होण्याआधी काय होतं, ते नुसत्या वाद्यांतून दाखवायचं, असा तिचा विषय. तुम्हाला वाटेल, गोंधळ दाखवायचा म्हणजे सगळ्यांनी मिळून बडवाबडवी करायची. तसं नाही. त्या काळात संगीताला शिस्त फार. सुरांची प्रत्येक ओळ फिरून शेवटी घरी, म्हणजे मूळ सुरावर, यायचीच. हा संगीतकार पठ्ठ्या काय करतो, ओळ घराच्या दारापर्यंत आणतो आणि ऐनवेळी भलत्याच गल्लीत वळवतो. पुन्हा आणतो, पुन्हा वळवतो. सगळं दबलेलं, हळू. मग गाणारे येतात, जवळजवळ कुजबुजतात, व्हायोलिनच्या तारा बोटानं छेडल्या जातात... आणि एकदम अख्खा ऑर्केस्ट्रा मोकळ्या गळ्यानं उसळतो. म्हणजे उजेड झाला.

आता मामी. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या बायकोचं, जयश्रीचं, माहेर आमच्याच तालुक्यातलं — त्र्याण्णवच्या भूकंपात आडवं झालेलं गाव. मामी तेव्हा माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जड छताच्या, घराखाली गाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जिवंत निघाल्या. त्यांचं पहिलं लेकरू मात्र गेलं. जयश्री त्याच्यानंतरची. आम्हाला माहीत ते एवढंच. आत काय झालं, हे मामींनी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आम्हाला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण तिकडून दवाखाना लांब, म्हणून मामीच आमच्याकडं आल्या. आल्या त्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली राहिल्या. बाळाची तेल-अंघोळ, शेकशेगडी, सगळं अंगणातच. घरात पाऊल टाकायला तयार नाहीत.

"लेकीच्या घरात मुक्काम करायची रीत न्हाय आमच्यात, जावईबापू," त्या म्हणाल्या.

मला ते लगेच पटलं. उलट जुन्या वळणाची माणसं म्हणून कौतुकच वाटलं. शेडखाली राहिल्या तरी मुक्काम तो मुक्कामच, एवढं साधं गणित मला सुचलं नाही.

इकडं जयश्रीचे हाल चालले होते. टाके दुखायचे, ताप यायचा, बाळ रात्र रात्र रडायचं, आणि मला ते धड धरताही येत नव्हतं. एका संध्याकाळी तिनं रडतच आईला हाक मारली, "आई, एक रात्र तरी माझ्यापाशी नीज गं." मामी दारापर्यंत आल्या. चौकटीला हात लावला, वर स्लॅबकडं बघितलं... आणि माघारी फिरल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की रीत-बीत काही नाही, ही बाई स्लॅबच्या छताला भितेय. फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. दुपारची वेळ, जयश्री आणि बाळ बाहेरच्या खोलीत झोपलेली. मी कोपऱ्यात हेडफोन लावून तीच रचना सुरू केली — आणि फोन जोडला गेला तो शाळेच्या गॅदरिंगसाठी घरी आणून ठेवलेल्या स्पीकरला. पहिलाच सूर सगळ्या वाद्यांचा, खोल, लांबलचक. बाळ उठेल म्हणून मी बंद करायला धडपडलो.

"ऱ्हाऊ द्या," खिडकीतून आवाज आला. "बंद करू नका."

मामी बाहेर गज धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून मी हात मागं घेतला.

"आता यकटंच वर जाईल," त्या हळूच म्हणाल्या. आणि क्लॅरिनेट एकटंच सरसरत वर गेलं.

मी म्हटलं, योगायोग.

"आता समदे खाली बसत्याल." बसले. मग मामी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "घर घावंना त्याला. दाराला येतंय अन् फिरतंय."

"मामी, हे तुम्ही कुठं ऐकलंत?"

"मातीखाली." त्या म्हणाल्या, "लेकरू मांडीवर रडत व्हतं. मग त्याचा आवाज बंद झाला. तवा हे सुरू झालं. लई येळ चाललं. मग कुनीतरी कानात बोलल्यावानी झालं, अन् दगड सरकला. उजेड आला, जावईबापू... पर मांडीवरलं रडलं न्हाय."

तोवर स्पीकरवर गाणारे आले होते. कुजबुज सुरू झाली. मी वळून बघतो तर खिडकीत मामी नाहीत. त्या दारात होत्या. वर न बघता, भिंत चाचपत त्या आत आल्या, जयश्रीच्या कुशीतून बाळ उचललं आणि खाली फरशीवर मांडी घालून बसल्या. बाळ मांडीवर. बाळाच्या डोळ्यांवर त्यांनी आपल्या तळहाताची सावली धरली. जयश्री जागी झाली. तारा छेडल्या गेल्या... आणि सगळा ऑर्केस्ट्रा उसळला.

बाळ दचकलं, आणि भोकाड पसरून रडायला लागलं.

"रडली," मामी म्हणाल्या. "जयू, रडली गं ही." मग त्या रडल्या, जयश्री रडली, आणि लपवत कशाला बसू, मीही रडलो.

नंतर मी पुष्कळ शोध घेतला. मामींच्या गावातल्या जुन्या लोकांना विचारलं. त्या दिवशी गावात वीज नव्हती, रेडिओ नव्हता, जो तो माती उपसत होता. एक डॉक्टर मित्र म्हणाला, श्वास कोंडला की भास होतात. कबूल. पण भासात क्लॅरिनेट नेमकं जागच्या जागी कसं येतं? ही रचना मामींच्या कानावर पडायचं दुसरं काही कारण मला अजून तरी सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा.

मामी आता आतच झोपतात, बाळाशेजारी. अंगाई म्हणून तेच गुणगुणतात, सगळी वळणं बरोबर घेऊन. फक्त उजेडाच्या अलीकडं थांबतात. परवा मी विचारलं, "मामी, पुढचं का नाही म्हणत?"

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा. उजेड काय, सकाळी व्हतोयच की."