मधली काच

साठ सालच्या आसपास यवतमाळला माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. कॅमेरेही बघायचो. बोरी अरबचे एक फोटोग्राफर बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येऊन बसत. वयाने बरेच मोठे. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला डॉक्टर. त्यांचा लाकडी पेटीचा जर्मन कॅमेरा होता. काळ्या कापडात डोकं घालून आपण "हलू नका" म्हटलं की बाजारातली कुत्रीही थांबतात, असं ते सांगत. त्यांच्या गप्पांत चहा गार व्हायचा.

मुकुटबनच्या एका लग्नात तो कॅमेरा पडला आणि लेन्सच्या तीन काचांपैकी मधली तडकली. ती लेन्स बनवणारी कंपनी महायुद्धानंतर बंद झालेली. मुंबईच्या दुकानदारांनी हात वर केले. लग्नसराई तोंडावर, आणि भाईंचं घर त्या पेटीवर चालायचं. मी दिसेल त्याला विचारत सुटलो. शेवटी राजूरच्या कोळशाच्या खाणीतल्या कुणा साहेबाचा मोडका कॅमेरा वणीच्या भंगारवाल्याकडे सापडला. लेन्स तीच.

भाईंनी ती हातात घेतली तर बोटं काळी झाली. "अबे डॉक्टर, काच आणली का कोळसा?"

"धुतल्यावर समजते."

"पेशंट वाचला पाह्यजे बरं. वाचला त तुही भाभी तुले बिर्याणी चारते. नाही वाचला त मलेच खाते."

मधली काच दोन्ही बाजूंनी खोलगट असते. मागची बाजू थोडी जास्त. काढतानाच तिच्या कडेवर पेन्सिलीने बाण करायचा, म्हणजे पुढची बाजू चुकत नाही. भाई किस्से सांगत होते, मी हसत होतो, आणि बाण करायचा राहिला. पुसलेली काच अंदाजाने बसवली. बिर्याणी खाल्ली. न मिळणारी काच मिळवणारा म्हणून माझं नाव झालं; अमरावतीहूनही कॅमेरे येऊ लागले.

त्या हंगामात भाईंच्या फोटोंत नवरा-नवरी ठीक, पण कडेचे लोक धुक्यात उभे असल्यासारखे. एक मामा बोरी अरबला येऊन भांडला, "आहेर आमीबी केला ना? मंग आमचंच तोंड काहून पुसलं?" कापडाखाली कॅमेऱ्यातून पाहतानाही भाईंना कडा पुसटच दिसत. माझ्या कामावर त्यांनी कधी शंका घेतली नाही.

"डोळे गेले, डॉक्टर," पुढच्या हिवाळ्यात ते म्हणाले आणि कॅमेरा टेबलावर ठेवला. "गिऱ्हाईक पाह्य. मले आता हा कायले पाह्यजे?"

विकण्याआधी साफ करावी म्हणून त्यांच्यासमोरच मी लेन्स उघडली. काच उजेडात धरली. तिच्यात खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब पडतं. जास्त खोल बाजूला गज बारीक दिसतात. बारीक गज पुढच्या बाजूला होते.

भाई चहा ओतत होते. मी काच फिरवून नीट बसवली, कडी आवळली आणि गप्प राहिलो. दुकानाचं नाव जाईल, एवढंच मनात आलं.

कॅमेरा वणीच्या एका पोराने घेतला. त्याचे फोटो या कडेपासून त्या कडेपर्यंत लख्ख. भाईंनी ते दुकानात पाहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाह्य, कॅमेऱ्यात खोट नव्हती. खोट माह्यातच होती." पुढे ते फोटोंना चौकटी करून द्यायचे. बाजारात आले की माझ्याकडे बसायचे, तसेच हसवायचे, आणि मी दर वेळी उद्या सांगू म्हणायचो.

ते गेल्याला खूप वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी भेटली, तिला सगळं सांगितलं.

"अब्बा तुमच्याजवळ इतके बसत, काका. एकदा सांगून पाह्यलं असतं." मग म्हणाली, "आता मले सांगून काय? माहे भाऊ अजून म्हणतात, अब्बाचे डोळे लवकरच गेले. त्यायले सांगा."

पुढच्या शुक्रवारी बोरी अरबला जायचं ठरलं आहे. तिथे बोलताना जीभ अडखळेल, म्हणून आधी इथे लिहितो: भाईंचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. काच मी उलटी बसवली होती.